भोपळ्यांचा सम्राट

वॉर्डात राउंड घेताना रुग्णाच्या कानाकडे माझी नजर आपोआप जाते. काही जणांच्या पाळीवर कानाच्या छिद्राकडून मागच्या कडेकडे तिरकी गेलेली एक घडी असते. १९७३ मध्ये अमेरिकेतले डॉ. सँडर्स फ्रँक यांनी ही घडी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यांचा संबंध असावा, असं निरीक्षण मांडलं. वाचकांनी लगेच आरशाकडे धावू नये. वय वाढलं की निरोगी माणसालाही अशी घडी पडते आणि घडी नसलेल्यालाही झटका येतो. एक खूण, एवढीच तिची किंमत. पण १९८० मध्ये पेट्राकिस नावाच्या डॉक्टरांनी ही खूण ज्याच्या कानावर दाखवली, तो रुग्ण अठराशे चाळीस वर्षांपूर्वी गेलेला होता आणि कान संगमरवराचा होता. रोमन सम्राट हेड्रियन. त्याच्या अर्धपुतळ्यांच्या दोन्ही कानांवर शिल्पकारांनी ती घडी इमानेइतबारे कोरून ठेवली आहे.

हेड्रियनबद्दल कुतूहल वाटायला माझ्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे छत. मी नोकरी केलेल्या एका सरकारी रुग्णालयात एका रात्री वॉर्डच्या स्लॅबचा पोपडा खाली कोसळला. खालची खाट त्या रात्री नशिबाने रिकामी होती. सकाळी एक इंजिनिअर आले आणि लांब दांड्याच्या हातोडीने छत ठोकत फिरले. आम्ही छाती बोटांनी ठोकून कुठे पाणी आहे ते ऐकतो, तसे ते कुठे पोकळ वाजतं ते ऐकत होते. उघड्या पडलेल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. इमारतीचं वय पन्नासही नव्हतं. हेड्रियनच्या काळात रोममध्ये पूर्ण झालेलं पँथिऑनचं काँक्रीटचं छत जवळजवळ १९०० वर्षांचं आहे, त्याच्या घुमटात लोखंडाची एकही सळई नाही, आणि आजही त्याखाली रोज हजारो माणसं मान वर करून उभी असतात.

हेड्रियनचा जन्म २४ जानेवारी ७६ चा. घराणं मूळचं स्पेनमधल्या इटालिका गावचं. दहा वर्षांचा असताना वडील गेले आणि वडिलांचा चुलतभाऊ ट्रेजन त्याचा पालक झाला. हा ट्रेजन पुढे सम्राट होणार, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुलगा हुशार, हट्टी आणि ग्रीक विद्येचा वेडा. इतका, की लोक त्याला छोटा ग्रीक म्हणून चिडवत. स्वतःची लॅटिन मात्र कच्ची. तरुणपणी सिनेटमध्ये सम्राटाचं भाषण वाचून दाखवायला उभा राहिला तेव्हा त्याच्या गावंढळ उच्चारांवर सगळे हसले. त्यानंतर त्याने लॅटिनवर अशी मेहनत घेतली की पुढे कुणी हसायचं धाडस केलं नाही. हसणाऱ्यांना तो विसरत नसे, ही त्याच्या स्वभावातली गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

गणित, संगीत, चित्रकला, वैद्यक, शिकार, सगळ्यात त्याला गती. पण खरा जीव इमारतींत. ट्रेजनचा मुख्य वास्तुविशारद होता दमास्कसचा अपोलोडोरस. एकदा हे दोघे एका बांधकामाबद्दल बोलत असताना हेड्रियनने मध्ये तोंड घातलं. अपोलोडोरसने त्याला, यातलं तुला काही कळत नाही, जाऊन आपले भोपळे काढत बस, असं फटकारलं, असं इतिहासकार डिओ कॅशियस सांगतो. हेड्रियन तेव्हा फाकीफाकी असलेल्या घुमटांची चित्रं काढायचा. पुढे सम्राट झाल्यावर त्याने अपोलोडोरसला आधी हद्दपार केलं आणि मग मारलं, असंही डिओ म्हणतो. या शेवटावर आजचे अभ्यासक फारसा विश्वास ठेवत नाहीत. भोपळे मात्र खरे आहेत. रोमजवळ तिवोलीला त्याने बांधलेल्या अफाट वाड्यात असे फाकींचे घुमट आजही पाहायला मिळतात.

ऑगस्ट ११७ मध्ये ट्रेजन मोहिमेवरून परतताना आजच्या दक्षिण तुर्कस्तानात वारला. त्याने मरताना हेड्रियनला दत्तक घेतल्याचं जाहीर झालं. पत्रावर सही सम्राज्ञी प्लॉटिनाची होती, त्यामुळे कुजबूज व्हायची ती झालीच. लगोलग चार ज्येष्ठ सिनेटर मारले गेले. त्यात आपला हात नव्हता, असं हेड्रियन आयुष्यभर सांगत राहिला. सिनेटने त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

पण सत्तेवर येताच त्याने एक विलक्षण निर्णय घेतला. ट्रेजनने युफ्रेटिसपलीकडे जिंकलेला मुलूख त्याने सोडून दिला. साम्राज्य पेलेल तेवढंच ठेवायचं आणि कडा पक्क्या करायच्या. १२२ मध्ये तो ब्रिटनला गेला आणि तिथे समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ११७ किलोमीटरची भिंत उभी राहू लागली. कारकिर्दीतला निम्म्याहून अधिक काळ त्याने इटलीबाहेर, प्रांताप्रांतांतून हिंडण्यात घालवला. बर्फ असो की इजिप्तचं ऊन, डोक्यावर काही न घेता तो चालायचा. सैनिकांबरोबर तेच जेवण जेवायचा, छावणीतल्या आजाऱ्यांना भेटायचा. गुलामाला ठार मारण्याचा मालकाचा अधिकार त्याने काढून घेतला. माणसाचं खच्चीकरण करणाऱ्या वैद्याला मृत्युदंड, असा हुकूमही त्याचाच. आमच्या व्यवसायाला कायद्याने घातलेल्या जुन्या मर्यादांपैकी ही एक, आणि ती घालायची वेळ आली होती, हेही तितकंच खरं.

आता पँथिऑन. ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने बांधलेलं मूळ देऊळ जळालं, पुन्हा बांधलं तेही सन ११० मध्ये वीज पडून जळालं. तिसरी इमारत हेड्रियनच्या काळात, १२६ च्या सुमारास पुरी झाली. विटांवरचे शिक्के पाहून अभ्यासक म्हणतात की काम ट्रेजनच्या अखेरच्या वर्षांतच सुरू झालं असावं. म्हणजे आराखडा कदाचित त्या अपोलोडोरसचाच असेल. हेड्रियनने दर्शनी भागावर नाव मात्र ना स्वतःचं घातलं ना वास्तुविशारदाचं. तिथे अग्रिपाचंच नाव आहे.

आतला व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. विजापूरच्या गोलघुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर आहे, त्यावरून कल्पना यावी. लोखंड न घातलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजवर कुणी बांधलेला नाही.

काँक्रीट म्हणजे शेवटी काय? खडी-दगडांना धरून ठेवणारा, पाण्याशी संयोग होऊन दगडासारखा घट्ट होणारा लगदा. आपल्याकडे त्यासाठी सिमेंट वापरतात, रोमन लोक भाजलेला चुना आणि ज्वालामुखीची राख वापरत. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावाकडची राख त्यासाठी नावाजलेली, कारण तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होई. समुद्रातली बंदरं त्यावर बांधली गेली. रोममधल्या इमारतींना शहराजवळची तशीच राख चाले. आपल्या दुकानातल्या पीपीसी सिमेंटच्या पोत्यावर पोर्टलँड पोझोलाना असं लिहिलेलं असतं. त्यातला पोझोलाना हा शब्द त्या गावाच्या नावावरून आला आहे. आपल्या पोत्यात बहुतेक वेळा औष्णिक वीजकेंद्राची राख असते, इतकाच फरक.

असं साधं काँक्रीट दाब सोसण्यात वाघ आणि ताण सोसण्यात शेळी. ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असते. पायाखालचा थर, जमिनीचा कोबा, जाड भिंत, धरण, अशा जागी त्याला चिरडणारं वजन येतं, तिथे ते पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण त्याचीच सपाट तुळई करून दोन भिंतींवर ठेवा. वजन आलं की तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ओढली जाते. खालून तडा सुरू होतो आणि काही कळायच्या आत तुकडे होतात. साध्या काँक्रीटचा हा सर्वांत वाईट दुर्गुण. ते वाकून, कुरकुरून सूचना देत नाही. म्हणून आपण तुळईत खालच्या बाजूला सळ्या घालतो. ताण लोखंडाने घ्यायचा, दाब काँक्रीटने.

शरीराने ही युक्ती केव्हाच केली आहे. हाडातला कॅल्शियमचा क्षार म्हणजे काँक्रीट आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे सळ्या. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, क्षार निघून जाईल आणि हाड रबरासारखं वाकेल. तेच हाड आगीत भाजा, धागे जळतील आणि ते खडूसारखं मोडेल. काही मुलांच्या कोलॅजनमध्ये जन्मतःच दोष असतो. आई बाळाला उचलते आणि मांडीचं हाड मोडतं. अशा बाळाच्या एक्स-रेवर जुने जुळलेले आणि नवे न जुळलेले अस्थिभंग एकत्र दिसतात, तेव्हा आईच्या तोंडाकडे बघवत नाही. अनेकदा घरच्यांनी तिच्यावरच हलगर्जीपणाचा आळ घेतलेला असतो.

मग सळ्यांशिवाय ४३ मीटरचं छत उभं कसं राहिलं? रोमन गवंड्यांनी काँक्रीटला शक्यतो ताण येऊच दिला नाही. घुमटाच्या आकारात वजन कमानीसारखं उतरत खाली येतं. तळाशी भिंत सहा मीटर जाड, घुमट वर जाता जाता पातळ होत माथ्याच्या भोकापाशी फक्त सव्वा मीटरच्या आसपास. खडीही बदलत गेलेली. पायात जड दगड, मधे विटांचे तुकडे, माथ्याला पाण्यावर तरंगेल असा सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड. बरोबर मध्यभागी, जिथे वजन नकोच होतं, तिथे सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक. त्यातून ऊन येतं आणि पाऊसही येतो.

तरीही ताण पूर्ण टळत नाही. घुमट खालच्या भागात बाहेर पसरू पाहतो, पिपाचं कडं काढल्यावर फळ्या पसराव्यात तसा. तिथे पँथिऑनला तडे गेले. संत्र्याच्या फोडींच्या रेघांसारखे ते उभे तडे तळापासून निम्म्याहून वरपर्यंत गेले आहेत, आणि बहुधा बांधकामानंतर लवकरच पडले असावेत. म्हणजे जगातला सर्वांत मोठा साध्या काँक्रीटचा घुमट जवळजवळ जन्मापासून तडकलेलाच आहे. तडे गेल्यावर त्या फोडी एकमेकींवर रेलणाऱ्या कमानी झाल्या, वर भोकाच्या कड्याशी टेकलेल्या आणि खाली जाडजूड भिंतीने अडवलेल्या. रचना पुन्हा दाबावर आली आणि तडे थांबले. आपल्या काँक्रीटच्या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर आडव्या रेघा कापलेल्या दिसतात, त्यामागचा विचारही असाच. सांध्यांतले गज सोडले तर त्या रस्त्यात लोखंड नसतं, तडा जाणार हे नक्की असतं, म्हणून तो कुठे जावा हे आधीच कापून ठरवतात.

आणि लोखंड नाही म्हणून गंज नाही. आमच्या वॉर्डचं छत ज्याने पाडलं, तो शत्रू पँथिऑनच्या घुमटात शिरलेलाच नाही. सळ्यांनी काँक्रीटला लांब उड्या मारायला शिकवलं, त्याबरोबर ओल, खारी हवा आणि सळईवर अपुरा थर राहिला तर येणारं दुखणंही दिलं. म्हणून सळ्या वाईट असं कुणी समजू नये. धक्का उलटसुलट बसतो तिथे साध्या काँक्रीटचा आकार किती पुरा पडतो, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. कोयनेचं १०३ मीटर उंचीचं धरण दगड आणि काँक्रीटचं, स्वतःच्या वजनावर उभं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने ते हलवलं, तेव्हा वरच्या भागात जिथे धरणाचा उतार बदलतो तिथे दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. धरण फुटलं नाही. पण नंतर त्याला तारांनी आवळून आणि मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट करावं लागलं.

हेड्रियनकडे परत येतो, कारण त्याच्या आयुष्यालाही आता तडे जाऊ लागले होते. १३० मध्ये नाईल नदीत त्याचा तरुण सोबती अँटिनोअस बुडाला. सम्राट सर्वांसमक्ष रडला, मेलेल्याला देव केलं, त्याच्या नावाने शहर वसवलं. दोनच वर्षांनी ज्यूंचा उठाव झाला. जेरुसलेमच्या जागी रोमन वसाहत आणि ज्यूंच्या मंदिराच्या जागी ज्युपिटरचं देऊळ हे त्याचं धोरण त्यामागे होतं. तो उठाव त्याने साडेतीन वर्षांत ज्या निर्दयतेने चिरडला, तिचा हिशेब डिओ पाच लाख ऐंशी हजार मृतांचा देतो. आकडा फुगवलेला असला तरी गावंच्या गावं ओस पडली, यात शंका नाही. छावणीतल्या आजाऱ्यांना भेटणारा आणि हे करणारा माणूस एकच. ज्या दोन खात्यांवर त्याची नोंद आहे, त्यांची वजाबाकी मला जमलेली नाही.

१३६ च्या सुमारास नाकातून रक्त येऊ लागलं. आधीही यायचं, आता फार वाढलं. मग अंगात पाणी भरायला लागलं. कानावरची घडी आणि ही लक्षणं एकत्र मांडून डॉक्टर मंडळी निदान करतात ते असं की, रक्तदाब वाढलेला असावा, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असाव्यात आणि शेवटी हृदय कमजोर पडलं. आजारी हृदय फुगत जातं, भिंतींवरचा ताण फुगण्याबरोबर वाढतो आणि वाढलेल्या ताणाने ते आणखी फुगतं. घुमटाच्या भिंतीला निदान सहा मीटरची जाडी होती.

वारस नव्हता. पत्नी सबिनाशी कधी पटलं नाही आणि मूल झालं नाही. त्याने एका सिनेटरला दत्तक घेतलं. तो स्वतःच रक्त ओकत होता. क्षयच असणार. १ जानेवारी १३८ ला तो गेला. आपण पडक्या भिंतीला टेकलो आणि लोकांत वाटलेला पैसा फुकट गेला, अशी हळहळ हेड्रियनने व्यक्त केल्याची नोंद आहे. मग त्याने अँटोनायनसला दत्तक घेतलं, पण अट घातली की त्याने लगेच कोवळ्या मार्कस ऑरेलियसला आणि आणखी एका मुलाला दत्तक घ्यावं. एकावर एक असा दोन पिढ्यांचा आधार. त्याच सुमारास संशयाने त्याने आपल्या ९० वर्षांच्या मेहुण्याला आणि त्याच्या १८ वर्षांच्या नातवाला मरणाची शिक्षा दिली. म्हाताऱ्याने मरताना शाप दिला म्हणतात, की हेड्रियनला मरण हवंसं वाटावं आणि ते येऊ नये.

ते तसंच झालं. मंत्रतंत्राने काही दिवस सूज उतरायची आणि पुन्हा पाणी भरायचं. आडवं झालं की छाती दाटते, बसूनच रात्र काढावी लागते, पाय खांबासारखे होतात. वॉर्डात असे रुग्ण मी रोज पाहतो. फरक इतकाच की आम्ही शिरेतून एक इंजेक्शन देतो, सकाळपर्यंत बाटल्या भरून लघवी होते आणि माणूस चहा मागतो. त्याच्या वैद्यांकडे यातलं काही नव्हतं. हेड्रियनने विष मागितलं, तलवार मागितली. कुणी द्यायला तयार होईना. एका वैद्याने विष देण्यापेक्षा स्वतःचा जीव दिला, असं एका जुन्या चरित्रात आहे. मग त्याने आपला शिकारीतला दांडगा सेवक मास्टोर याला गाठलं. हर्मोजेनिस नावाच्या वैद्याने त्याला छातीवर स्तनाखालची नेमकी जागा दाखवली होती, तिथे त्याने रंगाची खूण करून घेतली आणि मास्टोरला वार कर म्हणून सांगितलं, धमक्या दिल्या, पैसे देऊ केले. मास्टोर भेदरून पळाला. इतक्या मोठ्या साम्राज्यात आपल्याला एक मरण मिळत नाही, यावर सम्राट रडला. ती जागा हर्मोजेनिसने कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखवली असेल, हे माझ्या मनात अनेकदा येऊन जातं. रुग्ण सहज विचारल्यासारखं काहीतरी विचारतो, आपण शरीररचनाशास्त्र सांगितल्यासारखं सांगतो आणि घरी आल्यावर कळतं की त्याने काय विचारलं होतं.

शेवटी तो नेपल्सजवळच्या बाईए या गरम झऱ्यांच्या गावी गेला. तिथल्या स्नानगृहावर एक काँक्रीटचा घुमट तेव्हाही दीडेकशे वर्षं जुना होता, आणि तो अजून उभा आहे. पथ्य सोडून हेड्रियन हवं ते खाऊ-पिऊ लागला आणि १० जुलै १३८ ला, ६२ व्या वर्षी गेला. जाता जाता वैद्यांच्या गर्दीनेच आपल्याला मारलं, असं तो ओरडून म्हणाल्याची नोंद डिओने केली आहे. रोममध्ये सिनेट त्याच्यावर इतकी चिडलेली होती की त्याचे सन्मान अँटोनायनसला भांडून मिळवावे लागले. तोपर्यंत त्याला जवळच, पोझ्झुओलीच्या राखेच्या मातीत पुरलं. टायबर नदीकाठी त्याने स्वतःसाठी बांधायला घेतलेली समाधी पुढच्या वर्षी पुरी झाली, तेव्हा त्याचे अवशेष तिथे हलवले.